शब्द आणि शब्द देणारा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध माउलीला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही तिच्या घरी गेलो होतो. माउलीचे माहेर कोर्लईचे. लग्न होऊन ती इकडे आली त्याला साठाहून अधिक वर्षे लोटलेली. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, पण स्मरणशक्ती तरुणाला लाजवील अशी. प्रार्थना आटोपली, तिने ख्रिस्तप्रसाद घेतला आणि आम्ही निघण्यासाठी उठलो, तोच तिने हाताने बसण्याची खूण केली.

“फादर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा ना, मावशी.”

“माझी आजी पोर्तुगीजमधून प्रार्थना म्हणायची. चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमधून व्हायची. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. लग्न होऊन इथे आले आणि सगळं मराठीतून शिकले. आता नात इंग्रजीतून प्रार्थना म्हणते, ती मला कळत नाही. तुम्ही मात्र सांगता, देवाचा शब्द कधी बदलत नाही. मग माझ्या डोळ्यांदेखत हे एवढं बदललं ते काय? आणि बदललं नाही ते काय?”

क्षणभर थांबून ती खालच्या आवाजात म्हणाली, “माणसांचे शब्द कसे फिरतात ते मी पाहिलंय, फादर. म्हणून विचारते.”

ह्या शेवटच्या वाक्यामागचे दुःख आम्हांला ठाऊक होते. घरामागची नारळी-पोफळीची वाडी विकायची नाही, असा शब्द थोरल्या मुलाने वडिलांच्या मृत्युशय्येपाशी दिला होता. पुढे किनाऱ्यावरच्या जमिनींना सोन्याचे मोल आले आणि तो शब्द एका सहीसरशी विरून गेला. वाडीभोवती आता परक्याचे कुंपण आहे. माउलीने मुलाला दूषण दिल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. पण तिचा प्रश्न कोठून आला होता हे उघड होते. तो केवळ भाषेविषयीचा प्रश्न नव्हता. ज्याने शब्द दिला तो शब्दाला जागतो का, असे ती विचारीत होती.

उभ्याउभ्या उत्तर देण्याजोगा तो प्रश्न नव्हता. आम्ही म्हणालो, “मावशी, येत्या शुक्रवारी परत येतो. मग निवांत बसून बोलू.” ती समाधानाने हसली. त्या शुक्रवारचे काय झाले ते पुढे सांगूच. प्रथम तिच्या प्रश्नाकडे वळू.

मराठीत ‘शब्द’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. अर्थ असलेला अक्षरसमूह तो शब्द. आणि ‘मी तुला शब्द देतो’ असे म्हणताना जे वचन आपण देतो तोही शब्दच. पहिला शब्द कोशात सापडतो, दुसरा माणसाच्या वागणुकीत. पहिला चुकला तर खोडून पुन्हा लिहिता येतो; दुसरा मोडला तर दोन माणसांमधले काहीतरी मोडते. देवाचा शब्द बदलत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा ह्यांपैकी कोणता शब्द आपल्या मनात असतो? बहुधा दोन्हींची सरमिसळ असते, आणि म्हणूनच भाषा बदलली की श्रद्धेच्या पायाखालची वाळू सरकल्यासारखे वाटू लागते.

आपल्या किनाऱ्याचाच इतिहास पाहावा. कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे एका तीरावर रेवदंड्याचा किल्ला आहे, तर दुसऱ्या तीरावर कोर्लईचा डोंगर. १५२१ साली निजामशहाची परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी चौलच्या बंदरात आपले ठाणे वसविले आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे ते त्यांच्याकडे राहिले. तटबंदीच्या आत चर्चे आणि मठ उभे राहिले. १७४० च्या तहाने हे सारे मराठ्यांकडे गेले. आज रेवदंड्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या बागा आहेत आणि झाडांच्या गर्दीतून पडक्या चर्चच्या भिंती डोकावतात. ज्या भिंतींनी लॅटिन स्तोत्रे ऐकली, त्यांच्यावर आज वेली चढल्या आहेत.

सत्ता गेली, सैन्य गेले, व्यापारही गेला. खाडीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी राहणारी ख्रिस्ती कुटुंबे मात्र राहिली. पोर्तुगीज आणि मराठी ह्यांच्या सहवासातून त्यांच्यात एक निराळीच बोली घडली होती. १७४० नंतर ती पोर्तुगीजपासून तुटली आणि मराठीच्या अधिकाधिक जवळ आली. इतकी की वाक्यातले क्रियापददेखील मराठीप्रमाणे शेवटी जाऊन बसले. गावकरी तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स ह्या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली ह्या बोलीवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. भाषेचा प्रवाह असा वळणे घेत गेला; पण तान्ह्या लेकराच्या कपाळावर क्रुसाची खूण करणारा आईचा अंगठा थांबला नाही.

ह्याहूनही जुनी कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याची आहे. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत येथे फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जवळ जे होते ते सारे समुद्राने गिळले. वाचलेली माणसे कोकणातल्या गावांत स्थिरावली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरून गेले. पण ‘शेमा’ नावाची प्रार्थना त्यांच्या ओठांवर राहिली. अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातली, परमेश्वर एकच आहे आणि त्याच्यावर सर्वस्वाने प्रीती करावी, असे इस्राएलाला ऐकविणारी ती प्रार्थना. पुढे १८३२ साली जॉन विल्सन ह्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले, १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाच्या विधीचे हिब्रू-मराठी पुस्तक निघाले, आणि हरवलेले ग्रंथ हळूहळू ह्या समाजाच्या हाती परत आले. ग्रंथ उघडल्यावर त्यांना जे आढळले, त्याचे हृदय त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ जपून ठेवलेले होते.

प्रभू येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा मार्ककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायानुसार त्याने आपल्या उत्तराचा आरंभ ह्याच प्रार्थनेने केला. गालीलातल्या प्रभूच्या ओठांवर जे होते, तेच अलिबाग तालुक्यातल्या तेल्याच्या ओठांवरही होते. मध्ये एवढा समुद्र, एवढी शतके आणि एक बुडालेले गलबत होते. देवाचा शब्द टिकून राहतो तो कसा, हे समजण्यासाठी आम्हांला ह्याहून जवळचे उदाहरण शोधावे लागले नाही.

कोणी म्हणेल, प्रार्थना टिकली हे खरे, पण शब्दांची अदलाबदल झाली की अर्थही निसटतोच ना? ही भीती नवी नाही. संत जेरोमने पवित्र शास्त्राचे लॅटिनमध्ये नवे भाषांतर केले, तेव्हा आजच्या लिबियातील त्रिपोली येथे, म्हणजे त्या काळच्या ओएआ नगरात, एका बिशपने ते चर्चमध्ये वाचावयास लावले. योना ज्या वेलीच्या सावलीत बसला होता तिला जुन्या भाषांतरात भोपळ्याचा वेल म्हटले होते. जेरोमने दुसऱ्याच वेलीचे नाव घातले. एवढ्यावरून चर्चमध्ये असा गदारोळ उठला की त्या बिशपवर आपला कळप गमावण्याची पाळी आली. संत ऑगस्टिनने इ.स. ४०३ च्या सुमारास जेरोमला लिहिलेल्या पत्रात ही हकीकत कळविली आहे. आज आपल्याला हसू येईल. पण नव्या मिस्सापुस्तकातला एखादा शब्द बदलला की आपल्या धर्मग्रामांतही कुरबुर होतेच. लहानपणापासून ज्या शब्दांनी आपल्याला धीर दिला, ते शब्द कुणी हलविले तर माणूस अस्वस्थ व्हायचाच. त्यात प्रेम आहे आणि त्या प्रेमाचा मान राखला पाहिजे.

परंतु एक गोष्ट आपण विसरतो. स्वतः प्रभू येशू अरामी भाषेत बोलला आणि त्याचे बोलणे शुभवर्तमानकारांनी ग्रीकमध्ये नोंदविले. ‘अब्बा’, ‘एफ्फाथा’, ‘तलीथा कूम’ असे मोजकेच बोल मूळ रूपात आपल्यापर्यंत आले. बाकी सारे पहिल्या दिवसापासून भाषांतरच आहे. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थनादेखील मत्तयाने एका रूपात दिली आणि लूकने त्याहून आखूड रूपात. प्रेषितांच्या सभेला त्यात संकट वाटले नाही. पुढे आपल्या ह्या देशात इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले. सेरामपूरहून मराठी नवा करार १८११ साली प्रसिद्ध झाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रकाशात आले. आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून तोच वसा पुढे नेला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील आपल्या लेखात असा विचार मांडला की, देवाचा शाश्वत शब्द जसा दुर्बल मानवी देह धारण करून आला, तसेच देवाचे बोल मानवी भाषेचे रूप घेऊन येतात. देहाला भूक लागते, तहान लागते, जखम होते. भाषेलाही वय असते.

ह्याचा अर्थ अक्षराला काहीच मोल नाही, असा नव्हे. तसे असते तर लेखनिकांनी एकेक अक्षर मोजून प्रती केल्या नसत्या. १९४७ साली मृतसमुद्राच्या काठी कुमरान येथील गुहेत यशया संदेष्ट्याची एक गुंडाळी सापडली. तोवर ज्ञात असलेल्या हिब्रू हस्तलिखितांहून ती सुमारे हजार वर्षांनी जुनी होती, आणि तरी दोहोंतला मजकूर बहुतांशी जुळला. पण आमच्या मनाला अधिक भिडते ते त्या गुंडाळीतले एक व्यंग. ४० व्या अध्यायात गवत सुकते, फूल कोमेजते, आपल्या देवाचे वचन मात्र सर्वकाळ टिकते, अशा आशयाच्या ज्या ओळी आहेत, नेमक्या तेथेच लेखनिकाची नजर घसरली. एका ओळीवरून दुसऱ्या सारख्या ओळीवर तिने उडी घेतली आणि मधला भाग गळाला. मागाहून दुसऱ्या कुणाच्या हाताने तो भाग ओळीच्या वर आणि समासात लिहून भरून काढला. देवाचा शब्द टिकतो असे सांगणारे वाक्यच माणसाच्या हातून निसटले होते, आणि ते माणसाच्याच हाताने परत आणले! शब्द टिकला तो लेखनिक न चुकणारा होता म्हणून नव्हे. एकाचा हात चुकला तरी देव दुसऱ्या हाताला जागे करतो, म्हणून तो टिकला.

यिर्मयाच्या ३६ व्या अध्यायातली हकीकत ह्याच जातीची आहे. यहोयाकीम राजा हिवाळ्याच्या दिवसांत शेगडीपुढे बसला होता. संदेष्ट्याची गुंडाळी वाचली जात असता तो तिचे तुकडे कापून विस्तवात टाकीत गेला. सबंध गुंडाळी जळून गेली. मग देवाच्या आज्ञेने यिर्मयाने बारूखला पुन्हा सांगितले, बारूखने पुन्हा लिहिले, आणि पहिल्यापेक्षा अधिकच मजकूर लिहिला गेला. राजाला वाटले की शब्द कातड्याच्या गुंडाळीत आहे. शब्द बोलणाऱ्याच्या ठायी होता, आणि त्याच्यापर्यंत राजाची सुरी पोहोचत नव्हती.

येथवर वाचक आमच्याबरोबर आले असतील, तर ह्याहून अवघड प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. भाषा बदलली तरी वचन तेच राहते, हे मान्य. पण देवाने आपले वचनच फिरविल्याची उदाहरणे पवित्र शास्त्रात नाहीत काय? योनाने देवाच्या आज्ञेने निनवे नगरात दवंडी पिटली की चाळीस दिवसांत नगर उलथून पडेल. चाळीस दिवस गेले आणि नगर होते तेथेच राहिले. योना रागावला. त्याचा राग पोरकट नव्हता. आपल्या तोंडून देवाने शब्द बोलविला आणि मग तो पाळला नाही, असे त्याला वाटले.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी येथे एक भेद दाखविला आहे. स्वतःची इच्छा बदलणे वेगळे आणि गोष्टींत बदल व्हावा अशी इच्छा करणे वेगळे. आई मुलाला सकाळी उठविते आणि रात्री निजविते, म्हणून तिचे मन फिरले असे कोणी म्हणत नाही. निनवेने पाप सोडावे आणि जगावे, हीच देवाची इच्छा दवंडीच्या आधी होती, दवंडीच्या वेळी होती आणि मागाहूनही होती. बदलले ते निनवेचे लोक. योनाला अक्षर खरे व्हायला हवे होते. देवाला माणसे वाचायला हवी होती.

संत ऑगस्टिन विंडिशियानस नावाच्या एका नामांकित वैद्याची गोष्ट सांगतात. त्याने दिलेल्या औषधाने एक रोगी बरा झाला. काही वर्षांनी तोच आजार उलटला, तेव्हा रोग्याने वैद्याला न विचारता तेच औषध आपणच घेतले आणि दुखणे बळावले. तो तक्रार घेऊन गेला, तेव्हा वैद्य म्हणाला की मी सांगितले नव्हते म्हणूनच ते बाधले. रोग्याचे वय आता पालटले होते आणि ते वैद्याने पाहिले असते. औषध तेच होते, पण त्यामागे वैद्य नव्हता. देवाचे शब्द देवापासून तोडून, कपाटातल्या बाटलीसारखे हवे तेव्हा काढून वापरणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कारण तसे वापरण्याचा मोह आपल्या सर्वांनाच होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. करोनाच्या साथीमुळे चर्चची दारे आधीच बंद होती. काही तासांत घरांची कौले पानांसारखी उडाली आणि पिढ्यांनी वाढविलेल्या पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या दिवसांत एका कुटुंबप्रमुखाने आम्हांला विचारले होते, “फादर, देव आपल्या लोकांना दगडाची ठेचसुद्धा लागू देणार नाही असं स्तोत्रात आहे ना? मग आमचं छप्पर कुठे गेलं?” त्या वेळी आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गप्प राहिलो. आज उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

त्या स्तोत्राचा उल्लेख शुभवर्तमानात येतो तो सैतानाच्या तोंडी. मंदिराच्या कड्यावर प्रभूला उभे करून तो म्हणतो की खाली उडी टाक, देवाने तर तुला सांभाळण्याचे वचन दिले आहे. अक्षर अचूक होते, पण प्रभूने ती उडी टाकली नाही. पित्याचे वचन ही विम्याची पावती आहे, ती दाखवून नुकसानभरपाई मागावी, असे त्याने मानले नाही. आणि पुढे क्रुसावर तो खरोखरच उंचावर टांगला गेला तेव्हा त्याला खाली उतरविण्यासाठी कोणी दूत आला नाही. तरीही त्याने आपला आत्मा पित्याच्याच हाती सोपविला. तिसऱ्या दिवशी पिता आपल्या शब्दाला जागला, पण क्रूस चुकवून नव्हे. जे वचन आपल्याला दिलेले आहे ते छपराचे नाही. मत्तयकृत शुभवर्तमान ज्या वाक्याने संपते ते वचन सोबतीचे आहे, जगाच्या अंतापर्यंतच्या सोबतीचे. ज्याचे घर मोडले त्याला एवढ्याने समाधान होईलच असे आम्ही म्हणणार नाही. त्याला कौलेही हवीत, आणि ती आणून देणे हे तुमचे-आमचे काम आहे. पण देवाने शब्द फिरविला, हे खरे नाही. त्याने न दिलेला शब्द आपण त्याच्या नावावर लिहिला होता.

आता त्या शुक्रवारविषयी.

शुक्रवारी आम्ही गेलो नाही. मुंबईला धर्मगुरूंची बैठक होती. ती लांबली, आणि परतताना पाऊस एवढा होता की घरी पोहोचेतो रात्र झाली. शनिवारी धर्मशिक्षणाचा वर्ग, रविवारी मिस्सा आणि दोन बाप्तिस्मे. सोमवारी जाता आले असते. मंगळवारीही आले असते. मनात येऊन गेले, ‘मावशी काय, घरीच आहेत.’ बुधवारी पहाटे निरोप आला की माउली देवाघरी गेली.

दफनविधीनंतर तिच्या सुनेने आम्हांला सांगितले, “शुक्रवारी दुपारपासून त्यांनी खुर्ची दाराकडे वळवून घेतली होती. फादरांनी शब्द दिलाय, एवढंच म्हणत होत्या.” आमच्याने तिच्याकडे पाहवेना. ज्या बाईने माणसांचे शब्द फिरताना पाहिले होते, तिच्या हिशेबात आम्ही आणखी एक भर घातली होती. आणि ती कशाविषयी? तर देव शब्द पाळतो हे तिला समजावून सांगण्याविषयी!

थोरला मुलगा अंत्यविधीला आला होता. लोक पांगल्यावर तो चर्चच्या दारापाशी थांबला आणि म्हणाला, “मीपण शब्द दिला होता, फादर.” एरवी आम्ही त्याला पश्चात्तापाविषयी चार गोष्टी सांगितल्या असत्या. त्या दिवशी तो अधिकार आमच्याकडे नव्हता. शब्द मोडलेली दोन माणसे एका बाकावर काही वेळ बसली, एवढेच झाले. त्याने अनुमती दिली म्हणून येथे हे लिहीत आहोत.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा करिंथकरांस लिहिलेले संत पौलाचे दुसरे पत्र उघडले आणि पहिल्याच अध्यायाशी थबकलो. सेमिनरीत हा अध्याय कितीदा अभ्यासला होता, पण पौलाने तो कोणत्या अडचणीत लिहिला ह्याकडे मन कधी गेले नव्हते. पौलाने करिंथला येण्याचा बेत कळविला होता आणि तो गेला नाही. लोक बोलू लागले की ह्याचे ‘होय’ म्हणजे ‘नाही’. पौल आपली बाजू मांडतो. त्यांना दुःख होऊ नये म्हणूनच आपण आलो नाही, असे तो देवाला साक्षी ठेवून सांगतो. आमच्याजवळ तर तेवढेही कारण नव्हते. पण त्या खुलाशाच्या मधोमध तो आपल्याविषयी बोलण्याचे थांबवितो आणि ख्रिस्ताविषयी बोलू लागतो: देवाची वचने कितीही असोत, त्या सर्वांचे ‘होय’ ख्रिस्ताच्या ठायी आहे, आणि म्हणून त्याच्या द्वारे आपण ‘आमेन’ म्हणतो. पाळता न आलेल्या एका भेटीच्या खुलाशातून, देव शब्दाला जागतो ह्याविषयीची एवढी मोठी कबुली जन्मली.

‘आमेन’. हिब्रूतल्या ज्या धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ स्थिर असणे, भरवशाचे असणे. त्याच कुळात आधार देणाऱ्या खांबाचा शब्द आहे, आणि तान्ह्याला उराशी धरून सांभाळणाऱ्याचाही. माउलीच्या आजीने पोर्तुगीज प्रार्थनेच्या शेवटी हाच शब्द उच्चारला. लॅटिन मिस्सेत तिने तो ऐकला. मराठीत आला तोही असाच, आणि तिची नात इंग्रजी प्रार्थनेच्या शेवटी तेच म्हणते. बेने इस्रायलांच्या सिनेगॉगमध्ये तो आहे. मुरूडच्या मशिदीत ‘आमीन’ होऊन तोच घुमतो. ह्या किनाऱ्यावर एवढ्या भाषा आल्या आणि गेल्या; देवाच्या भरवशावर भार टाकून उभे राहण्याचा हा एक शब्द कुणी भाषांतरित केला नाही.

तेव्हा माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे दिले असते: मावशी, बदलली ती भांडी, पाणी तेच आहे. नव्हे, त्याहूनही नेमके सांगायचे तर, बदलला नाही तो शब्द देणारा. तो कालचा, आजचा आणि उद्याचा एकच आहे. आणि त्याच्यावरच्या भरवशाला आपण श्रद्धा म्हणतो. हा भरवसा खरा असेल तर तो आपल्याही शब्दांत उतरला पाहिजे. वेदीपुढे जोडीदाराला दिलेला शब्द, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांनी बालकासाठी दिलेला शब्द, भावाला बांधाविषयी दिलेला, आईला वाडीविषयी दिलेला आणि धर्मगुरूने आजाऱ्याला शुक्रवारविषयी दिलेला शब्द. ‘देवाचे वचन अढळ आहे’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्याने आपली दिनदर्शिका जपून लिहावी. लोक देवाच्या शब्दाची परीक्षा प्रथम आमच्या शब्दावरून करतात. आणि आम्ही चुकलो, तर तो दोष आमचा; त्याच्या शब्दाचा नव्हे. पण त्याच्या शब्दावर विसंबूनच चुकलेला माणूस पुन्हा शब्द देण्याचे धाडस करू शकतो.

हे उत्तर माउलीला ऐकविता आले नाही. मात्र त्याची तिला गरज होती का, ह्याची आता शंका येते. सुनेने आणखी एक गोष्ट सांगितली होती. शनिवारी खुर्ची पुन्हा आत वळविताना तिने सासूला विचारले, “फादर आले नाहीत, वाईट वाटलं का?” तेव्हा माउली म्हणाली, “त्यांना काम निघालं असेल. ज्याला यायचं होतं तो तर येऊन गेलाय.”

त्या दिवशी तिच्यापुढे ख्रिस्तप्रसाद धरून आम्ही ‘ख्रिस्ताचे शरीर’ असे म्हणालो होतो. तिचे उत्तर आम्हांला स्वच्छ आठवते. तिने प्रश्न विचारला तो त्यानंतर. उत्तर तिने त्याआधीच दिले होते.

आमेन.